.३०८ ची काडतुसे घरी भरताना : पुंगळीवरची चकाकती कडी, चपटे प्रायमर आणि जड बोल्ट

ऑस्टिनकर (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो, .३०८ विंचेस्टरची बोल्टची (हाताने मागेपुढे करण्याच्या खिटीची) रायफल केवळ लक्ष्यवेधासाठी वापरतो आणि गेल्या हिवाळ्यापासून वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) घरीच पुन्हा भरू लागलो आहे. पहिल्या दोन खेपा निर्विघ्न पार पडल्या, मात्र तिसऱ्या खेपेला अडचणी एकदम सुरू झाल्या. काही पुंगळ्यांच्या बुडापासून थोड्या वर चकाकती कडी दिसते, प्रायमर (बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोप्या) चपटे झालेले आहेत, दोन काडतुसे पहिल्या ठोक्याला उडालीच नाहीत आणि काही काडतुसांवर बोल्ट बंद करताना हाताला जोर द्यावा लागतो. शिवाय एक पुंगळी डायमध्ये (पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) अशी अडकली की तिचा काठ उपटून आला.

डाय बसवताना मी सूचनापत्राप्रमाणे ती शेलहोल्डरला (पुंगळीचे बूड धरणाऱ्या भागाला) टेकवून आणखी पाव फेरा खाली दिला होता. पावडरचे माप मॅन्युअलमधील सुरुवातीचेच आहे. चपटे प्रायमर हे जास्त दाबाचे लक्षण असे वाचले असल्याने माप आणखी दोन ग्रेनने (ग्रेन हे वजनाचे बारीक एकक) उतरवावे काय?

पितळवेडा

नमस्कार. पावडर कमी करू नका. मॅन्युअलमधील सुरुवातीच्या मापाखाली स्वतःच्या अंदाजाने जाणे हा उपाय नव्हे, आणि आपला दोष पावडरीत असेल असे मला वाटतही नाही. त्याआधी एक विनंती : या खेपेतील उरलेली काडतुसे झाडू नका, ती वेगळ्या डब्यात ठेवून वर तसे लिहून ठेवा.

कडी, चपटे प्रायमर आणि न उडालेली दोन काडतुसे ही तीन दुखणी बहुधा एकाच कारणाची आहेत. डाय गरजेपेक्षा खाली असल्यामुळे पुंगळीचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) फार मागे ढकलला जातो. असे काडतूस चेंबरमध्ये (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेत) सैल बसते. फायरिंग पिन (प्रायमरवर ठोका देणारी सुई) त्याला पुढे ढकलते, त्यामुळे ठोका हलका पडतो आणि कधी प्रायमर पेटतच नाही. पेटला, तर प्रथम प्रायमर मागे सरकतो, दाब वाढताच पुंगळीची पातळ भिंत चेंबरला चिकटून राहते, आणि जाड बूड मात्र बोल्टला टेकेपर्यंत मागे जाते. बाहेर आलेला प्रायमर या धडकेत चेपला जातो, म्हणून साध्या दाबालाही तो चपटा दिसतो. बूड मागे जाताना जो ताण पडतो तो जाड आणि पातळ पितळाच्या सांध्यावर पडतो; आपली चकाकती कडी नेमकी तिथे आहे. दर खेपेला पितळ तिथेच झिजत जाते आणि एक दिवस बूड वेगळे होऊन तप्त वायू मागे, म्हणजे आपल्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. संरक्षक चष्म्याशिवाय रायफल हातात घेऊ नये, ते याचसाठी.

बाहेरून दिसणारी प्रत्येक रेघ धोक्याची असतेच असे नाही. काही वेळा डाय जिथवर पोहोचते तिथेही फिकट खूण राहते. खात्री आतून करावी. कागदाची तारेची क्लिप सरळ करून तिच्या टोकाला बारीक आकडा वळवावा आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढत आणावा. आकडा कुठे खाचेत अडला, तर ती पुंगळी बाद. बाद पुंगळीचे तोंड पकडीने चेपून टाकावे, म्हणजे ती चुकून परत ताटात येत नाही.

पाव फेऱ्याची सूचना चुकीची नाही, पण ती कोणत्याही रायफलला चालावी म्हणून दिलेली असते. आपल्या रायफलमध्ये झाडलेल्या पुंगळीचा प्रायमर काढून, कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा मोजणीचा जोड) लावून बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी मोजावी. मग डाय वर घेऊन थोडी थोडी खाली आणावी आणि ही लांबी सुमारे ०.००२ इंचाने कमी झाली की तिथेच नट आवळावा.

तराजू

वरील उत्तर पटले, परंतु जड बोल्टचे उत्तर त्यात येत नाही, कारण खांदा मागे गेलेले काडतूस उलट सैल बसायला हवे. आपण पुंगळ्यांची लांबी मोजून कापता काय? .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आहे आणि कापताना ती २.००५ वर आणण्याची रीत आहे. लांबी एकसारखी नसेल आणि गोळी बसवण्याची डायही फार खाली घेतलेली असेल, तर त्या डायमधील क्रिंपची (तोंड आत दाबून गोळी घट्ट पकडण्याची) कड लांब पुंगळीच्या तोंडाला अडते, पितळाला पुढे वाट राहत नाही आणि खांद्याखाली नजरेला न दिसणारा फुगवटा येतो. अशा काडतुसांवर बोल्ट जड जातो. लांबी फारच वाढली, तर तोंड चेंबरच्या टोकाशी चिमटले जाते, गोळी मोकळी सुटत नाही आणि दाब खरोखरच वाढतो.

डायमध्ये अडकलेली पुंगळी हा वंगणाच्या कंजूषपणाचा प्रकार आहे. उलट हात सैल सोडला, तर खांद्यावर खळगे पडतात. वंगण भिंतीला पातळ लावावे, खांद्याला लावू नये, आणि भरण्याआधी पुसून टाकावे.

आणखी एक विचारतो : या पुंगळ्या एकाच जातीच्या आहेत की त्यात सैन्याच्या ७.६२ नाटोच्याही मिसळल्या आहेत?

ऑस्टिनकर

दोघांचेही मनापासून आभार. शनिवार-रविवार मोजण्यातच गेला. खांदा ०.००८ इंच मागे जात होता. ज्या काडतुसांवर बोल्ट अडतो त्यांच्या पुंगळ्या २.०२० च्या आसपास आहेत, आणि मी एकही कापलेली नव्हती. आकड्याच्या चाचणीत सात पुंगळ्या बाद झाल्या. सैन्याच्या पुंगळ्याही आहेत. रेंजवरच्या मित्राने मूठभर दिल्या होत्या.

तराजू

त्या आधी वेगळ्या काढाव्यात. सैन्याच्या पुंगळीचे पितळ बहुधा जाड असते, त्यामुळे आत जागा कमी राहते आणि तेवढीच पावडर अधिक दाब देते. म्हणून त्यांच्यासाठी माप पुन्हा मॅन्युअलच्या सुरुवातीच्या आकड्यापासून धरावे लागते. त्यांच्या प्रायमरच्या खळग्याला कडेने क्रिंप (आत दाबलेली कड) असतो, तो काढल्याशिवाय नवा प्रायमर बसवू नये. प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली बसलेला हवा. प्रत्येकावरून बोट फिरवून पाहावे.

सिंधुदुर्गातला

थोडे विषयाच्या कडेचे लिहितो. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती आणि ते दारू मापट्याने, म्हणजे आकारमानाने भरत. काळ्या दारूला ती रीत चालते. आजच्या धूरविरहित पावडरीला ती सवय घातक आहे. तिथे वजनच हवे, आणि तेही ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेचा जवळजवळ अर्धा. पंख्याच्या वाऱ्यानेही काटा हलतो, म्हणून पंखा बंद ठेवावा आणि तराजू दर बैठकीला प्रमाणित वजनाने तपासावा.

मेजावर एका वेळी पावडरचा एकच डबा असावा. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० यांचा आकडा एक असला तरी पावडरी भिन्न आहेत, एकीचे माप दुसरीला लागू होत नाही.

भारतातील वाचकांसाठी एक वाक्य : इथे काडतुसे बनवणे शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवान्याचा विषय आहे, त्यामुळे हा धागा वाचून कोणी घरी प्रयोग करू नयेत.

ऑस्टिनकर

शेवटचा प्रश्न. भरलेली एकतीस काडतुसे उरली आहेत. ती उकलावीत की लांब पुंगळ्यांची तेवढी बाजूला काढून बाकीची झाडावीत?

पितळवेडा

सगळी उकला. खांदा सगळ्यांचाच मागे गेलेला आहे. हातोड्यासारखा बुलेट पुलर (गोळी उपटून काढण्याचे साधन) स्वस्तात मिळतो. चष्मा घालून, एकेक काडतूस करून काम करावे. गोळ्या परत वापरता येतील. पावडर कोणत्या डब्यातील आहे याची शंभर टक्के खात्री नसेल, तर ती डब्यात परत ओतू नका. अंगणातल्या हिरवळीवर अगदी पातळ पसरून टाका.