शब्दचर्चा: ‘पक्षाने उमेदवार बदलला’ हे वाक्य बरोबर आहे का?

मुद्रितशोधक

दिवाळी अंकासाठी आलेला एक लेख तपासतोय. विषय अमेरिकेतली २०२४ ची निवडणूक. लेखकाने एकाच घटनेसाठी तीन ठिकाणी तीन क्रियापदं वापरली आहेत. एकीकडे ‘डेमोक्रॅटिक पक्षाने बायडेन यांचे तिकीट कापले’, पुढच्या पानावर ‘बायडेन पायउतार झाले’ आणि शेवटाकडे ‘बायडेन यांनी उमेदवारी अर्ज मागे घेतला’. मला तिन्ही खटकतायत, पण त्या जागी काय घालावं ते सुचत नाही. शेवटी ‘पक्षाने उमेदवार बदलला’ असं एकच वाक्य करावं असं मनात आहे. चालेल का?

आणखी एक. मथळा आहे ‘पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारावरून वाद’. हे वाचून मला क्षणभर पक्षाध्यक्षाची निवडणूक वाटली.

न्यू जर्सीकर

‘पायउतार’ आधी काढा. पायउतार होणं म्हणजे पद सोडणं. मुख्यमंत्री पायउतार होतात, मंत्री होतात. बायडेन २० जानेवारी २०२५ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होतेच. त्यांनी सोडली ती पुढच्या खेपेची उमेदवारी. माघार जाहीर झाली त्या रविवारी मला भारतातून आलेल्या पहिल्या फोनवर ‘राजीनामा दिला म्हणे?’ असंच विचारलं होतं. शब्द चुकला की माणसाला घटनाच वेगळी कळते, म्हणून मी याबाबत आग्रही आहे.

क्रम असा होता. २७ जूनला अटलांटात ट्रम्प यांच्याशी वादचर्चा झाली आणि बायडेन यांची वाक्यं मध्येच तुटत होती हे सगळ्यांनी पाहिलं. २ जुलैला टेक्सासचे लॉइड डॉगेट यांनी ‘त्यांनी बाजूला व्हावं’ असं उघडपणे म्हटलं. पक्षाच्या विद्यमान खासदारांपैकी ते पहिले. ८ जुलैला बायडेन यांनी पक्षाच्या खासदारांना पत्र लिहून आपण रिंगणात राहणार असं ठासून सांगितलं. त्यानंतर दोनच दिवसांनी प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापती नॅन्सी पेलोसी दूरचित्रवाणीवर म्हणाल्या की निर्णय अध्यक्षांनी घ्यायचा आहे, वेळ कमी उरलाय. निर्णय आधीच कळवलेला असताना तो घ्या म्हणणं, याचा अर्थ पक्षात सगळ्यांना कळला. २१ तारखेला त्यांनी माघारीचं पत्र प्रसिद्ध केलं आणि थोड्याच वेळात उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला.

नागपूरचा वकील

मुद्रितशोधकसाहेब, ‘अर्ज मागे घेतला’ हे आपल्या कायद्याच्या दृष्टीने साफ चूक आहे. आपल्याकडे अर्ज भरणं, छाननी, माघारीची शेवटची तारीख असा ठरलेला क्रम असतो. अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे भरायचा आणि त्याच्याकडूनच मागे घ्यायचा. माघारीची मुदत टळली की उमेदवाराने कितीही जाहीर केलं तरी त्याचं नाव मतदान यंत्रावर राहतं. बायडेन यांच्या बाबतीत पक्षाने अधिकृत उमेदवारी अजून दिलेलीच नव्हती. ती अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या मतदानाने मिळते आणि ते मतदान व्हायचं होतं. जे अजून हातात पडलेलंच नाही ते मागे कसं घेणार?

‘तिकीट कापलं’ याचीही गत तीच. तिकीट कापायला आधी तिकीट देणारा लागतो. २०२४ च्या लोकसभेला हिंगोलीत शिंदेंच्या शिवसेनेने हेमंत पाटील यांचं नाव जाहीर केलं. मग विरोध झाल्यावर ते बदलून बाबुराव कदम कोहळीकर यांना उभं केलं. याला तिकीट कापणं म्हणतात. अधिकृत उमेदवार कोण हे कळवणाऱ्या पक्षाच्या एबी फॉर्मवर सही करणारा हात एकच असतो, तो देतो आणि तोच काढून घेतो. अमेरिकेत बायडेन यांना राज्याराज्यांतल्या प्राथमिक निवडणुकांत मतदारांनी निवडलं होतं. सुमारे ३,९०० प्रतिनिधी त्यांच्या नावावर निवडून आले होते. त्यांची उमेदवारी एका सहीने रद्द करील असा कुणी तिथे नव्हता. म्हणून लेखात ‘पक्षश्रेष्ठी’ हा शब्द आला असेल तर तोही तपासा. आपल्याकडे त्या शब्दात तिकीट वाटण्याचा अधिकार गृहीत असतो. पेलोसींकडे वजन होतं, पण हा अधिकार नव्हता.

मुद्रितशोधक

आलाय, ‘पक्षश्रेष्ठी’ चार ठिकाणी आलाय. ‘पक्षातले ज्येष्ठ नेते’ करतो. मग ‘पक्षाने उमेदवार बदलला’ सुद्धा बाद का?

निवृत्त मराठी शिक्षिका

माझं उत्तर जरा लांबेल, कारण खरी गंमत इथेच आहे.

‘बदलणे’ हा उभयविध धातू आहे. शाळेत आपण ‘त्याने दार उघडले’ आणि ‘दार उघडले’ हे उदाहरण शिकलो, त्याच जातीचा. ‘पक्षाने उमेदवार बदलला’ हा कर्मणी प्रयोग. कर्ता पक्ष, त्याने बदल घडवला. ‘पक्षाचा उमेदवार बदलला’ यात बदलणे अकर्मक आहे. बदल झाला एवढंच वाक्य सांगतं, कुणी केला याबद्दल काही बोलत नाही. ‘पक्षाने’ आणि ‘पक्षाचा’ यांत प्रत्यय तेवढा वेगळा, पण तुमच्या लेखातला सगळा वाद त्या प्रत्ययात आहे.

अटलांटाच्या वादचर्चेपासून २१ जुलैपर्यंत जे चाललं होतं ते मुळात यावरूनच. पक्षाला उमेदवार बदलता येतो की तो बदलेपर्यंत थांबावं लागतं? पक्षाच्या नेत्यांना मनापासून बदल हवा असला, तरी ‘आम्ही बदलतो’ असं त्यांना म्हणता येत नव्हतं. ‘त्यांनी बाजूला व्हावं’ असंच म्हणावं लागत होतं. म्हणजे कर्ता बायडेनच ठेवावा लागत होता. न्यू जर्सीकरांनी सांगितलेलं पेलोसींचं वाक्य पाहा. निर्णय कुणाचा? अध्यक्षांचा. दडपण पक्षाचं, पण वाक्याचा कर्ता उमेदवार. म्हणून मी ‘पक्षाचा उमेदवार बदलला’ हे लिहीन आणि ‘पक्षाने’ टाळीन.

बातमीदार

ताई, व्याकरण मान्य, पण मला हे जरा सोवळं वाटतं. तीन आठवडे पक्षातले लोक एकेक करून उघड बोलत होते, देणगीदार हात आखडता घेत होते, अभिनेता जॉर्ज क्लूनीसारखा पक्षासाठी निधी जमवणारा माणूस वर्तमानपत्रात लेख लिहून ‘आता नको’ म्हणत होता. हे सगळं झाल्यावर ‘उमेदवार बदलला’ लिहायचं म्हणजे पान गळून पडल्यासारखं झालं. कुणीच काही केलं नाही असं वाचकाला वाटेल. ज्यांनी केलं त्यांना वाक्यात जागा द्यायला हवी.

निवृत्त मराठी शिक्षिका

द्या ना, जरूर द्या. त्यासाठी मराठीत प्रयोजक रचना आहे. ‘पक्षातल्या नेत्यांनी बायडेन यांना माघार घ्यायला लावली’ किंवा ‘माघार घेणे भाग पाडले’. यात दोघेही येतात. लावणारे नेते, घेणारे बायडेन. घटना जशी घडली तशीच रचना आहे. ‘बदलला’ मध्ये बायडेन निव्वळ कर्म होतात, खुर्ची बदलावी तसे. तुमचा आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तर ‘पक्षाने बदलला’ हे नव्हे.

नागपूरचा वकील

बातमीदारांच्या मुद्द्यावर एक कायदेशीर भर. पक्षाला जबरदस्तीने करता आलं असतं का? प्रतिनिधींबद्दल डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम असा आहे की ज्यांनी त्यांना निवडून दिलं त्या मतदारांच्या भावनेचं प्रतिबिंब त्यांनी सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून दाखवावं. हे शब्द फार सैल आहेत. म्हणून लेखात हे प्रतिनिधी ‘बांधील’ होते असं लिहिलं असेल तर ‘वचनबद्ध’ करा. बांधील म्हटलं की मोडल्यास कारवाई होते. वचन मोडलं तर शब्द जातो, पण मत बाद होत नाही. कागदोपत्री ते प्रतिनिधी बंड करू शकत होते. केलं नाही, कारण मतदारांनी ज्याच्यासाठी पाठवलं त्यालाच खाली ओढणं कुणाला पेलवलं नसतं.

आणि ‘सद्सद्विवेकबुद्धी’ म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या वाचकाला १९६९ आठवणारच. राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. बंगळूरच्या बैठकीत इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध त्यांचं नाव ठरलं, आणि रेड्डींच्या बाजूने असलेल्यांत यशवंतराव चव्हाणही होते. मग इंदिराजींनी सद्सद्विवेकबुद्धीनुसार मत द्या अशी हाक दिली आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर निवडून आले. तिथे पक्षाने कागदावर उमेदवार बदलला नाही, पण पक्षातल्या अनेकांनी मत बदललं. काही महिन्यांत पक्ष फुटला. उमेदवाराला हात न लावता त्याला पाडणं, यासाठी मात्र आपल्याकडे शब्दांची ददात नाही.

न्यू जर्सीकर

वकीलसाहेबांच्या ‘जे हातात पडलेलंच नाही’ या मुद्द्याला बायडेन यांच्याच शब्दांचा आधार आहे. हॅरिस यांना पाठिंबा देताना त्यांनी ‘उमेदवारी स्वीकारायची नाही असं मी ठरवलं आहे’ अशा अर्थाचं वाक्य लिहिलं. स्वीकारायची नाही. मागे घेतो असं नाही.

१९६८ मध्येही हेच क्रियापद होतं. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं, न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत पक्षातलेच प्रतिस्पर्धी युजीन मॅकार्थी यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या अगदी जवळपास मतं घेतलेली. ३१ मार्चच्या रात्री दूरचित्रवाणीवरच्या भाषणाच्या शेवटी जॉन्सन म्हणाले, पक्षाची उमेदवारी मी मागणार नाही आणि स्वीकारणारही नाही. मार्चमध्ये हे झालं म्हणून पक्षाला ऑगस्टपर्यंत वेळ मिळाला. तरीही शिकागोच्या अधिवेशनात ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकही प्राथमिक निवडणूक न लढवता उमेदवारी मिळाली आणि बाहेर रस्त्यावर लाठ्या चालल्या. २०२४ चं अधिवेशनही शिकागोलाच होतं, १९ ते २२ ऑगस्ट, पण हॅरिस यांच्या उमेदवारीसाठी प्रतिनिधींचं मतदान ऑगस्टच्या सुरुवातीलाच ऑनलाइन उरकलं होतं. त्यामुळे तिथे भांडायला काही शिल्लक नव्हतं.

तेव्हा २१ जुलैपर्यंतच्या बायडेन यांना नुसतं ‘उमेदवार’ तरी म्हणावं का? इथे इंग्रजीत वेगळं विशेषण लावतात. मला ‘संभाव्य’ दुबळं वाटतं. संभाव्य म्हणजे होईल किंवा होणारही नाही.

निवृत्त मराठी शिक्षिका

‘नियोजित’. नियोजित वर, नियोजित अध्यक्ष. ठरलं आहे, विधी राहिला आहे. साहित्य संमेलनाच्या बातम्यांत हा शब्द रुळलेला आहे, वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही.

मुद्रितशोधक

‘नियोजित उमेदवार’ घेतला. मथळ्याचं काय करू? ‘राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारावरून’?

बातमीदार

नको. आमच्याकडे राष्ट्रपती म्हणजे दिल्लीतले, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. हा भेद मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलाय आणि उपयोगाचाही आहे. राष्ट्रपती म्हटलं की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारं पद डोळ्यांसमोर येतं. ‘राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारावरून डेमोक्रॅटिक पक्षात वाद’ असा मथळा करा. ‘पक्षाच्या’ हा शब्द ‘अध्यक्षपदा’ला चिकटला म्हणून तुम्हाला घोटाळा वाटला. पक्षाध्यक्षपदासाठी खर्गे विरुद्ध थरूर ही निवडणूक २०२२ मध्येच होऊन गेली आहे, वाचकाचं मन तिकडे जाणारच.

मुद्रितशोधक

एक शेवटची चौकट राहिलीय. लेखकाने २०१६ चा प्रसंग दिलाय. ट्रम्प यांची महिलांबद्दल अश्लील बोलल्याची ध्वनिचित्रफीत ऑक्टोबरमध्ये बाहेर आल्यावर रिपब्लिकन पक्षात त्यांना बदलण्याची मागणी झाली, तेव्हा त्या पक्षाचा नियम ९ पुढे आला. लेखकाचा अनुवाद असा: ‘मृत्यू, नकार किंवा अन्य कारणाने पक्षाला उमेदवार बदलता येईल.’ तपासून देता का?

नागपूरचा वकील

हे दुरुस्त कराच. नियम रिकाम्या जागेबद्दल आहे. ‘उमेदवाराचा मृत्यू, नकार किंवा अन्य कारणाने जागा रिकामी झाल्यास ती भरण्याचा अधिकार राष्ट्रीय समितीला राहील’, असं लिहा. जागा रिकामी झाल्यास, केल्यास नव्हे. ताईंनी ‘बदलणे’बद्दल सांगितलं तेच इथे रिकामी होणे आणि करणे यांत आहे. ‘अन्य कारण’ या शब्दांवर तेव्हा बराच खल झाला. काहींना वाटलं त्यात काहीही बसेल. पण कायदा वाचायची रीत अशी की यादीच्या शेवटचा ढोबळ शब्द आधीच्या शब्दांच्या जातीचा धरायचा. मृत्यू आणि नकार यांच्या पंगतीला बसेल असंच ‘अन्य कारण’ हवं. उदाहरणार्थ, उमेदवार बेशुद्धावस्थेत आहे. नेत्यांची नाराजी त्या जातीची नाही. ट्रम्प हटले नाहीत, जागा रिकामी झाली नाही, नियम वापरायची वेळच आली नाही.

बातमीदार

आपल्याकडे बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचं नाव असतं, ते याच्या जवळचं का? रामटेकला २०२४ मध्ये रश्मी बर्वे यांचं जात प्रमाणपत्र रद्द झालं, अर्ज बाद झाला आणि पर्यायी म्हणून नाव असलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे काँग्रेसचे उमेदवार झाले, निवडूनही आले.

नागपूरचा वकील

जवळचं आहे, पण आपल्याकडे पर्याय आधी लिहून ठेवतात, त्यांच्याकडे जागा रिकामी झाल्यावर शोधतात. आमच्या भागात याला सर्रास ‘डमी’ म्हणतात. रामटेकच्या निकालानंतर तो शब्द बर्वेंना लावणं बरोबर नाही, ‘पर्यायी’च म्हणा.

आणि मुद्रितशोधकसाहेब, ‘समितीने उमेदवार निवडला’ हे वाक्य हवंच असेल तर लेखकाला १९७२ घ्यायला सांगा. डेमोक्रॅटिक पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगलटन यांच्यावर नैराश्यासाठी विजेच्या धक्क्यांचे उपचार झाले होते हे अधिवेशनानंतर बाहेर आलं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न यांनी आधी पूर्ण पाठिंबा जाहीर केला, मग काही दिवसांतच ईगलटन बाजूला झाले. तोवर उमेदवारी रीतसर मिळालेली होती, म्हणून तिथे ‘उमेदवारी सोडली’ हे बरोबर. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय समितीने बैठक घेऊन सार्जंट श्रायव्हर यांना निवडलं. इथे ‘ने’ प्रत्यय बेलाशक लावा.

मुद्रितशोधक

लावतो. पानं उद्या छपाईला जातायत, ‘तिकीट कापले’च्या जागी सध्या हे वाक्य बसवलंय: ‘पक्षातल्या ज्येष्ठ नेत्यांच्या दडपणापुढे नियोजित उमेदवार बायडेन यांनी उमेदवारी स्वीकारण्यास नकार दिला आणि प्रतिनिधींनी कमला हॅरिस यांना निवडले.’ कुणाला अजून काही खटकत असेल तर रात्रीत सांगा.

निवृत्त मराठी शिक्षिका

‘दडपणापुढे’ नंतर ‘नमून’ घाला. नाहीतर दडपणापुढे नकार दिला म्हणजे ते नेत्यांना बधले नाहीत असा उलटाच अर्थ लागतो.