विषय: रेडिओचा प्लॅन बदलतोय, १ तारखेच्या आत ठरवायला हवं

दादा (रेडिओ टीम):

नमस्कार मंडळी,

मंडळाचा इंटरनेट रेडिओ ज्यांच्या सर्व्हरवरून चालतो त्या होस्टिंगवाल्यांची मेल आलीये, १ तारखेपासून आपला जुना प्लॅन बंद. आत्तापर्यंत आपण एकावेळी किती जण ऐकतात त्यावर पैसे भरत होतो, १०० कनेक्शन, महिना ४५ डॉलर, मग कोणी पाच मिनिटं ऐको नाहीतर दिवसभर लावून ठेवो. आता कनेक्शनची अट काढून सगळं तासांवर आणलंय. सगळ्या श्रोत्यांचे तास मिळून महिन्याला १५०० पर्यंत ५९ डॉलर, ३५०० पर्यंत ९९, आणि तास संपले की महिना संपेपर्यंत स्ट्रीम बंद.

मागच्या महिन्याचा रिपोर्ट काढला तर आपण ३५०० च्या वर आहोत. ऐकणारे काही वाढले नाहीयेत, पण चार-पाच घरी रेडिओ चोवीस तास चालू असतो आणि खरी मेख तिथे आहे. एक घर चोवीस तास म्हणजे महिन्याला ७२० तास. अशी दोन घरं झाली की १४४०, स्वस्तातला प्लॅन तिथेच संपला, बाकीच्यांनी काय ऐकायचं?

माझं म्हणणं, सहा तासांनी कनेक्शन आपोआप तुटेल अशी सेटिंग टाकू. स्ट्रीम चालवणारं जे आइसकास्ट सॉफ्टवेअर आहे त्यात दर श्रोत्याला कमाल वेळ घालून देण्याची सोय आहेच, आपल्या पॅनलमध्येही दिसतेय. ज्याला पुढे ऐकायचंय त्याने परत प्ले दाबायचं. गुरुवारपर्यंत हो-नाही कळवा.

माई:

दादा, त्या चार-पाच घरांतलं एक घर आमचं, हे सगळ्यांना माहितीये म्हणून स्पष्ट लिहिते. सासूबाईंना आता टीव्ही दिसत नाही, वाचता तर येतच नाही. आम्ही सकाळी सातला बाहेर पडतो ते संध्याकाळी सहाला परत, तेवढा वेळ घरात मराठी बोलणारा दुसरा आवाज नाही. ओट्याशेजारी टॅबलेट आहे, त्यावर मी निघताना रेडिओ लावून जाते. सहा तासांनी तुटला म्हणजे दुपारी एकला बंद. टॅबलेटवरचं ते त्रिकोणी बटण त्यांना दिसत नाही, बोटाला लागतही नाही, आणि बर्फ असला की शेजारच्या वहिनीही येऊ शकत नाहीत. मंडळाने रेडिओ सुरू केला तेव्हा घरी एकटे असणारे आई-वडील हेच पहिलं कारण लिहिलं होतं, ठराव काढून बघा. त्यांचाच रेडिओ आधी तोडायचा हे मला अजिबात पटत नाही.

बारा तास करा, मग माझी काही तक्रार नाही. सकाळी सातला लावला की संध्याकाळी सातपर्यंत चालेल.

बापू:

एवढी चर्चा कशाला, क्वालिटी १२८ वरून ६४ वर आणा, अर्धे पैसे वाचतील. आमच्या गाडीत काही फरक कळत नाही.

आणि कोजागिरीच्या हॉलचं डिपॉझिट परत आलं का?

दादा (रेडिओ टीम):

बापू, तासांच्या प्लॅनमध्ये १२८ काय आणि ६४ काय, तास तो तासच. १२८ केबीपीएसला तासाभरात ५७.६ एमबी डेटा जातो, ६४ ला २८.८. त्यात मोबाइलवर ऐकणाऱ्याचा डेटा वाचेल, मंडळाचं बिल नाही.

डिपॉझिटचं ताईंना विचारा.

तात्या:

बापूंना उत्तर. ६४ वर आणायला माझा विरोध आहे. बोलण्याचे कार्यक्रम ठीक वाजतात, भावगीतं पण चालून जातील, पण शास्त्रीयच्या तासाला तानपुरा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा येतो. मागे आठवडाभर ट्रायल म्हणून कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) बदलला होता तेव्हा मी हेच लिहिलं होतं. बैठकीच्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुराच गेला तर मागे काय राहतं.

नाना:

मंडळी, मी सुरुवातीपासून सांगतोय की दुसऱ्याच्या होस्टिंगवर बसलो की हे होणारच. २०१६ आठवा. त्याआधी इथे अमेरिकेत छोट्या इंटरनेट स्टेशनांना गाण्यांची रॉयल्टी कमाईच्या टक्केवारीत भरायची सवलत होती, २००९ च्या वेबकास्टर सेटलमेंट ॲक्टमुळे मिळालेली. ती २०१५ अखेर संपली, कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने नवीन दर लावले, एका श्रोत्याने एक गाणं ऐकलं की ०.००१७ डॉलर, आणि जानेवारी संपता संपता लाइव्ह ३६५, छोट्या स्टेशनांचं मोठं होस्टिंग, बंद झालं. पुढच्या वर्षी नव्या मालकाखाली परत आलं, पण तोवर कितीतरी छोटी स्टेशनं गेली ती गेलीच.

आपण स्वतःचा सर्व्हर घेऊ. अ‍ॅझुराकास्ट हे रेडिओ चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स, आत आइसकास्टच चालतं, प्लेलिस्ट आणि वेळापत्रक दोन्ही आहे. छोट्या सर्व्हरला महिन्याला थोडेच डॉलर लागतील. तासांची मोजणी नाही, मधेच बंद पडणं नाही. सेटअप मी करून देतो, एक शनिवार पुरे.

ताई (खजिनदार):

बापू, डिपॉझिट जमा झालंय.

नाना, सर्व्हर तुम्ही उभा कराल यात मला शंका नाही. पण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी गाणी फुकट नाहीत. आत्ता आपली रॉयल्टी होस्ट भरतो, ती प्लॅनच्या पैशातच आहे. स्वतःच्या सर्व्हरवर गेलो की रॉयल्टी गोळा करणाऱ्या साउंडएक्सचेंजला आपण स्वतः भरायची, ना-नफा संस्थेलाही २०२५ पर्यंत वर्षाला चॅनलमागे कमीत कमी १००० डॉलर होते. तेवढ्यात महिन्याला १,५९,१४० ऐकण्याचे तास बसायचे, आपण कधी तिथवर जाणार नाही हे खरं, पण कमीत कमी रक्कम तर भरावीच लागते. शिवाय गीतकार-संगीतकारांच्या हक्काचं लायसन्स वेगळं, एएससीएपी, बीएमआय, सेसॅक या संस्थांचं. शिवाय सर्व्हर. आणि कोणतं गाणं, कोणी गायलेलं, कुठल्या अल्बममधलं, किती जणांनी ऐकलं याचे रिपोर्ट. आपल्या लायब्ररीत अजून कॅसेटवरून उतरवलेली गाणी 'ट्रॅक ०७' या नावाने पडलीयेत, त्यांचा रिपोर्ट कोण भरणार?

९९ चा प्लॅन घेतला तर वर्षाला ११८८ मध्ये सगळं आलं. आत्ता ५४० जातात, म्हणजे ६४८ जास्तीचे. रक्कम छोटी नाही, पण स्वतःचा सर्व्हर त्याहून महाग पडतो.

आणि होस्ट तासांवर का गेला हेही बघा. रॉयल्टीच गाणं गुणिले श्रोते अशी मोजतात. तासाला १२ गाणी धरली तर ३५०० तासांत ४२,००० वेळा गाणं ऐकलं गेलं, २०२५ च्या कमर्शियल दराने, म्हणजे ०.००२५ ने, १०५ डॉलर होतात. आपण त्याला ४५ देत होतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

नाना:

ताई, हिशोब मान्य. पण आपली निम्मी गाणी १९७२ च्या आधीची आहेत, त्याला कसली रॉयल्टी? पूर्वी तसं नव्हतं.

ताई (खजिनदार):

पूर्वी नव्हतं, २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्टनंतर आहे. १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीची रेकॉर्डिंगही आता त्यातच येतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे तिकडे मोकळी झालेली गाणी इथे मोकळी असतीलच असं नाही.

अण्णा:

सगळे तास आणि डॉलर बोलताय, त्या मेलची दुसरी लिंक कोणी उघडली का? अटींमध्ये लिहिलंय की स्ट्रीम फक्त अमेरिका, कॅनडा आणि यूकेमध्ये चालेल, बाकी देशांतून उघडणार नाही. म्हणजे भारत बंद.

आमच्या सांगलीच्या वहिनी दर रविवारी मुलांचा कार्यक्रम ऐकतात. इथे सकाळचे दहा, तिकडे संध्याकाळचे साडेसात, दिवा लावून सगळे बसतात. माझी नात त्यात मनाचे श्लोक म्हणते, तिचे उच्चार सुधारले ते आजी फोनवर सांगते म्हणून. मंडळाचा रेडिओ भारतात ऐकू येणार नसेल तर तो कशासाठी चालवायचा? अध्यक्षांनी यावर उत्तर द्यावं, ही एकट्या रेडिओ टीमने ठरवायची गोष्ट नाही.

दादा (रेडिओ टीम):

अण्णा, लिंक मी उघडली होती, पण आधी तासांचं मिटवू म्हणून लिहिलं नव्हतं. टीम परस्पर काही ठरवत नाहीये, म्हणूनच तर सगळ्यांना विचारतोय. कार्यकारिणीची बैठक १ तारखेनंतर आहे, तोवर थांबलो तर स्ट्रीम आपोआप १५०० तासांच्या प्लॅनवर जाईल आणि महिन्याच्या मध्येच बंद पडेल.

भारताचं म्हणाल तर होस्टने भरलेली रॉयल्टी इथल्या लायसन्सची आहे, ती भारतात लागू होत नाही. तिकडे गाणी वाजवायची तर तिकडच्या कंपन्यांचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. नानांच्या सर्व्हरवर गेलो तरी हाच प्रश्न आहे, फक्त अडवणारा कोणी नसेल. मंडळाच्या नावावर मी तसं करणार नाही.

पण अडतंय ते गाण्यांमुळे. मुलांच्या कार्यक्रमात आवाज आपल्याच मुलांचा असतो. मनाचे श्लोक समर्थांचे, त्यावर कुणाचा हक्क नाही. तो कार्यक्रम पॉडकास्ट म्हणून टाकला तर सांगलीत काय, कुठेही ऐकता येईल, तासही मोजले जाणार नाहीत, आणि साडेसातलाच ऐकायला हवं असंही नाही. सुरुवातीची आणि मधली सिनेमाची गाणी तेवढी काढावी लागतील.

अण्णा:

सुरुवातीचं संगीत आपल्या पेटीवाल्यांकडून वाजवून घ्या, एखाद्या आरतीची चाल, पारंपरिक. ते नाही म्हणणार नाहीत. कथावाचनाचं काय?

दादा (रेडिओ टीम):

कथा हयात लेखकाची असेल तर त्यांची लेखी परवानगी, नसतील तर वारसांची किंवा प्रकाशकाची. माणदेशच्या ज्या लेखकांना आपण पत्र लिहिलं होतं त्यांनी आनंदाने दिली होती, विचारलं की बहुतेक जण देतात. परवानगी येईपर्यंत कथा पॉडकास्टला नाही.

वहिनी (वेबसाइट):

दोन गोष्टी. एक, प्लेअर वेबसाइटचा भाग आहे, त्यात बदल करायचा तर आधी आमच्याशी बोला, मागच्या वेळी परस्पर कोड टाकला आणि वर्गणीचं पान आठवडाभर बिघडलं होतं.

दोन, सर्व्हरवर बारा तासांची मर्यादा टाकून काहीही होणार नाही. वायफाय गेलं तर परत जोडावं म्हणून प्लेअरमध्ये ऑटो-रिकनेक्ट चालू आहे. सर्व्हरने बाराव्या तासाला तोडलं की प्लेअर दोन सेकंदांत परत जोडणार, आणि पुढचे बारा तास चालू. टायमर प्लेअरच्या आतच हवा. बारा तास झाले की स्वतः थांबेल आणि 'अजून ऐकायचंय का?' असं मोठ्या अक्षरांत विचारेल. मधे वायफाय गेलं तर मात्र नेहमीसारखा जोडून घेईल. सर्व्हरची मर्यादा पण राहू दे, कारण ट्यूनइनसारख्या अ‍ॅपवरून किंवा स्पीकरवर ऐकणाऱ्यांपर्यंत आमचा टायमर पोचत नाही. तिथे तुटल्यावर काय होतं ते प्रत्येक उपकरणावर बघावं लागेल.

माई:

वहिनी, टॅबलेटवर वेबसाइटच उघडते मी, अ‍ॅप नाही. अक्षरं मोठी करून आमच्याकडे उपयोग नाही, पण संध्याकाळी सातला आम्ही घरी असतो, त्यामुळे चालेल.

नाना:

रात्री ११ ते पहाटे ५ स्ट्रीमच बंद ठेवला तर? टायमरची भानगडच नको. पूर्वी आकाशवाणीची सभा संपायचीच की.

दादा (रेडिओ टीम):

नाना, आपल्यातले कितीतरी आता वेस्ट कोस्टला गेलेत, तिकडे तेव्हा आठ वाजलेले असतात, जेवणं चाललेली असतात. आणि रात्रपाळीच्या नर्स मंडळींचा शब्द मी मागच्याच महिन्यात घेतलाय की रात्रीचं अभंगांचं प्लेलिस्ट बंद होणार नाही. टायमरच बरा.

हिशोब असा बसतो. चोवीस तासवाली पाच घरं धरली तर आत्ता ३६०० तास त्यांचेच. बारावर आणली की १८००. ३५०० च्या प्लॅनमध्ये बाकी सगळ्यांना १७०० उरतात, आणि मागच्या महिन्यात बाकीचे त्याच्या आतच होते.

ताई (खजिनदार):

९९ ला माझी संमती. जास्तीचे ६४८ दिवाळी अंकाच्या जाहिरातींतून काढता येतील, अंकवाल्यांशी मी बोलते. पण २० तारखेला तास किती झाले याचा आकडा मला दर महिन्याला हवा, बंद पडल्यावर कळून उपयोग नाही.

माई:

आणि माझ्या शनिवारच्या कार्यक्रमाचं? पुढच्या महिन्यात एकाच गायिकेवर दोन तास ठरलेत, जाहिरातही लिहून ठेवलीये.

दादा (रेडिओ टीम):

माई, आपण ज्या लायसन्सवर गाणी लावतो त्याचा नियम आहे, कुठल्याही तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नाहीत, त्यातही लागोपाठ तीनच, आणि एका अल्बममधली तीनच. कोणतं गाणं लागणार तेही आधी जाहीर करायचं नाही. नवीन अटींमध्ये होस्ट हे तपासणार असं लिहिलंय.

तरी कार्यक्रम रद्द करू नका. त्यांची चार गाणी घ्या, मधे तुमचं बोलणं, आणि उरलेली आपल्या मंडळाच्या गायकांनी गायलेली. गणपतीतल्या मैफलीचं रेकॉर्डिंग आपलंच आहे आणि ते चांगलं उतरलंय. जाहिरातीतून गाण्यांची नावं काढा.

माई:

चालेल. मैफलीत तात्यांच्या मुलीने म्हटलेली दोन आहेत, ती घेते. तात्या, तिला विचारून सांगा.

तात्या:

विचारलं, हो म्हणाली. मात्र १२८ वरच लावा.

दादा (रेडिओ टीम):

१२८ च राहील.

तर ९९ चा प्लॅन उद्या रात्री घेतो. वहिनी, टायमर ३० तारखेच्या आत झाला तर बरं होईल, आधी माईंच्या टॅबलेटवर बघू. बाकी चार घरांनी मला फोन करून सांगा की कुठल्या उपकरणावर ऐकता आणि सकाळी कोण लावतं, म्हणजे कुणाचा रेडिओ भर दुपारी बंद पडायला नको. अण्णा, रविवारच्या भागाची गाणी काढलेली प्रत शनिवारी पाठवतो, सांगलीला ऐकवून बघा आवाज नीट येतो का.