मानसोपचार वॉर्डात पहिली ड्यूटी: काय शिकून जाऊ?

नवी_स्टाफनर्स
यंदा बीएस्सी नर्सिंग झालं, कौन्सिलची नोंदणीही आली. १ तारखेपासून मानसोपचार वॉर्डात रुजू होतेय. ३० खाटा, नाईटला दोनच सिस्टर. औषधांचा राउंड, चिडलेला पेशंट आणि पेशंटला बांधून ठेवण्याचे नियम, या तिन्हींची धास्ती वाटते. जाणकारांनी सांगावं.

वॉर्ड_इन्चार्ज
राउंडकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. गोळी हातावर ठेवून पुढच्या खाटेकडे जायचं नाही. पेशंटलाच नाव विचारा, केसपेपरशी ताडा. पाणी पूर्ण प्यायला लावा, मग ‘आ’ करायला सांगून जिभेखाली आणि गाल-हिरडीच्या फटीत टॉर्च मारा. दडवलेली गोळी तिथेच सापडते. अशा गोळ्या साठवून एकदम घेतल्या जातात. शिवाय औषध लागू पडत नाही असं समजून डॉक्टर डोस वाढवतात.

लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर त्याच्या पातळीसाठी रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं. सकाळची गोळी देऊन मग रक्त काढलं तर आकडा उगाच जास्त येतो. उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं दिसलं की पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. अंग दुखतं म्हणून परस्पर डायक्लोफेनॅक देऊ नका, त्याने लिथियम शरीरात साचतं. क्लोझापीन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) चालू असेल तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी तपासतात. मध्येच ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). आणि शौचाला झालं का, हे रोज विचाराच. या औषधाचं बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं.

नाईटशिफ्ट
चिडलेल्या पेशंटशी एकानेच बोलायचं, दोन हात अंतर ठेवून. त्याला कोपऱ्यात कोंडू नका आणि तुमची दाराकडची वाटही मोकळी ठेवा. ओढणी, गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढून ठेवा. हॅलोपेरिडॉलच्या (चिडलेल्या पेशंटला शांत करणाऱ्या) इंजेक्शननंतर मान वाकडी झाली, डोळे वर गेले, जीभ बाहेर आली तर ते नाटक नसतं, औषधाचा दुष्परिणाम असतो. डॉक्टरांना बोलवा, त्यावरचं प्रोमेथाझिन तयार ठेवा.

बांधण्याबद्दल २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा स्पष्ट आहे. तत्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. तुमच्या वॉर्डात नाईटला दोघीच, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. वॉर्डबॉयला ‘मामा, बांधा याला’ असं तोंडी सांगून भागत नाही. कारण, पद्धत, वेळ केसपेपरवर लिहायची. पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीने नेमलेल्या माणसाला) २४ तासांच्या आत कळवायचं. पट्ट्यात दोन बोटं शिरली पाहिजेत. बोटं गार किंवा निळसर पडली तर ताबडतोब सैल करा.

व्यसनमुक्ती_सिस्टर
दारूवाला पेशंट आला की शेवटचा पेग किती वाजता, हे आधी लिहा. फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. भ्रम, घाम, ‘भिंतीवर किडे दिसतात’ हे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) लावण्याआधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) गेलं का, ते बघा.

नवी_स्टाफनर्स
खूप आभार ताई. आत्महत्येचा धोका असलेल्यांना रात्री दर १५ मिनिटांनी बघायचं, तर नुसतं दारातून चालेल?

नाईटशिफ्ट
नाही. जवळ जाऊन छाती हलते का ते बघा. तोंडावर पांघरूण असेल तर अलगद बाजूला करा. बरोबर ठरलेल्या मिनिटाला जाऊ नका, पेशंट वेळ मोजतात. १५ मिनिटांच्या आतच, पण कधी ९ व्या, कधी १४ व्या मिनिटाला. आणि नोंद त्याच क्षणी करा, पहाटे एकदम रकाने भरू नका.