आनंद चेहऱ्यावर दिसलाच पाहिजे का? मदत हवी आहे

जय ख्रिस्त. पुढच्या रविवारी तरुण संघात मला बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातल्या १५:१३ या वचनावर बोलायचं आहे. मन आनंदी असलं की मुद्रा प्रसन्न होते, असं ते वचन सांगतं. पण त्याच पुस्तकात १४:१३ मध्ये हसतानाही हृदय खिन्न असू शकतं, असंही आहे. मी तिथेच अडकलोय.

माझा स्वभाव अबोल. आई गेल्यानंतर प्रार्थनेत खूप शांती मिळाली, अगदी खरी, तरी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "विश्वासात आहेस ना? मग तोंड असं का?" ते मनाला लागलं.

बायबलमध्येच, येशूचा संदेश सांगत फिरणारे पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री, पाय खोड्यात असताना, स्तोत्रं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. त्यांच्या पाठीवरचे वळ ताजे होते, चेहरे हसरे असतील असं मला तरी वाटत नाही. मग आनंद बाहेर येतो तो नेमका कशातून? गाण्यातून? की नंतर, जीव द्यायला निघालेल्या त्याच तुरुंगाच्या अधिकाऱ्याला "स्वतःला इजा करून घेऊ नको" म्हणण्यातून?

दुःखातही हा आनंद तुमच्या वागण्यात कसा उतरला, ते कृपया सांगाल का? आणखी वचनं सुचवलीत तरी चालेल.