'सयामी', 'जोडलेल्या' की नुसत्या 'जुळ्या'? आणि 'आम्ही' की 'आपण'?

प्रश्न:
आमच्या नाट्यमंडळात अधूनमधून एखाद्या परदेशी नाटकाची ओळख करून देतात, या वेळी ते काम माझ्याकडे आलंय आणि मी 'साइड शो' हे न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरचं म्युझिकल, म्हणजे गाण्यांचं नाटक, निवडलंय. १९९७ चं, संगीत हेन्री क्रीगर, संहिता आणि गीतं बिल रसेल. डेझी आणि व्हायोलेट हिल्टन या खऱ्याखुऱ्या बहिणींवर आहे. १९०८ मध्ये इंग्लंडात ब्रायटनला जन्मल्या, कमरेखाली पाठीकडच्या बाजूनं एकमेकींना जोडलेल्या, लहानपणापासून तिकीट लावून लोकांना दाखवल्या गेल्या आणि मग अमेरिकेत व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोद अशा मिश्र करमणुकीच्या, रंगमंचावर नाव काढलं. टिपण मराठीत लिहायचंय आणि पहिल्याच ओळीत गाडी अडलीये. सयामी जुळ्या लिहू, संयुक्त जुळ्या लिहू की अजून काही? शिवाय 'साइड शो'ला काय म्हणायचं, आणि नाटकातला साइड शोचा तंबूवाला ओरडतो ते 'फ्रीक' (विचित्र देहाचं माणूस)? जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद:
सयामीच ठेवा. मुंबईत वाडिया रुग्णालयात अशा बाळांची शस्त्रक्रिया झाली की पेपरात हाच शब्द येतो, वाचकाला लगेच कळतं.

प्रतिसाद:
कळतं हे खरंय, पण मला तो शब्द या दोघींना लावायला अजिबात पटत नाही. सयामी हे नाव आलं चँग आणि एंग या भावांवरनं, ते १८११ मध्ये सयाममध्ये जन्मले, १८२९ पासून अमेरिकेत त्यांचे खेळ लागले आणि जाहिरातीत जे नाव छापलं ते जगभर चिकटलं. म्हणजे तो वैद्यकातला शब्द नाहीच, तिकीटविक्रीचा शब्द आहे. सयामचं थायलंड झालं १९३९ मध्ये, आणि आपण अजून ब्रायटनच्या पोरींना सयामी म्हणायचं? ज्या नाटकाचा सगळा जीव 'आमच्याकडे माणूस म्हणून बघा' यात आहे त्याची ओळख तरी जाहिरातीच्या शब्दानं करून देऊ नये.

'संयुक्त' नको, ते महाराष्ट्राच्या चळवळीला नि कुटुंबाला शोभतं. 'जोडलेल्या जुळ्या बहिणी' लिहा, साधं आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही समजतं. आणि 'पाठीकडून जोडलेल्या' असंच पूर्ण लिहा बरं का, कारण 'पाठची बहीण' म्हटलं की आपल्याकडे धाकटी.

पण ताई, खरी गंमत नामात नाही, वचनात आहे. मराठीत 'तिला जुळं झालं' म्हणतो, नपुंसकलिंगी, एकवचनी, दोन जिवांचं एक जुळं. जुळी पोरं चालायबोलायला लागली की आपोआप 'ती दोघं' होतात. या बहिणींच्या बाबतीत ही पुढची पायरी लोकांनी येऊच दिली नाही. १९३४ मध्ये व्हायोलेटला लग्न करायचं होतं तर एकामागून एक राज्यांनी परवाना नाकारला, कारण काय तर तुम्ही दोघी, नवरा एक, हे अनैतिक! म्हणजे एकीचं लग्न हे दोघींचंच लग्न, असं दोघींना एक धरून बसले. तेच ब्रॉडवेच्या नाटकांसाठी असलेल्या टोनी पुरस्काराच्या वेळी बघा. मूळ प्रयोगात एमिली स्किनर डेझी होती आणि अ‍ॅलिस रिप्ली व्हायोलेट, आणि १९९८ ला उत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन दोघींना मिळून एकच दिलं, तसं त्या विभागात आधी कधी झालं नव्हतं. तो मान होता, त्यात अपमान काही नाही, पण हिशेब एकाचाच. म्हणून टिपणात सगळीकडे 'त्या दोघी' आणि अनेकवचनी क्रियापद. 'हे जुळं गाजलं' असं वाक्य चुकूनही नको.

अजून एक. जिथं दोघींचं वेगळं आहे तिथं एकेकीचं एकवचन वापरा. नाटकात व्हायोलेटला घर हवंय, नवरा हवाय, चारचौघींसारखं जगायचंय, आणि डेझीला नाव हवंय, टाळ्या हव्यात. 'त्यांना प्रसिद्धी हवी होती' असं लिहिलंत की नाटकातला अर्धा झगडाच गेला. आणि शेवटही तसाच. जानेवारी १९६९, नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट, फ्लूची साथ. 'दोघी वारल्या' लिहून मोकळं होता येतं, पण आधी डेझी गेली आणि व्हायोलेट त्यानंतर काही दिवसांनी. दोन वाक्यं लिहा, कृपा करून.

प्रश्नकर्ती:
काका, हे वाचून अंगावर काटा आला. मी खरंच 'दोघी वारल्या' असंच लिहून ठेवलं होतं. पण मग गाण्यांचं काय करू? पहिल्या अंकाच्या शेवटी दोघी मिळून विचारतात की मी जशी आहे तशी माझ्यावर प्रेम कोण करेल. गातात दोघी आणि शब्द मात्र 'मी'. मराठी सारांशात 'आमच्यावर' केलं तर चालेल?

प्रतिसाद:
नका करू! तीच तर त्या गाण्याची जागा आहे. 'आमच्यावर' केलं की ती एक तक्रार होते, 'माझ्यावर' ठेवलं की दोन बायका आपापल्या मनात एकाच वेळी एकच प्रश्न विचारतायत हे ऐकू येतं. दुसऱ्या अंकात शेवटाकडे 'मी तुला कधी सोडणार नाही' या अर्थाचं गाणं आहे, तिथंही मी आणि तू. जोडलेल्या बहिणींनी असं म्हणायची काय गरज, सोडून जाणार कुठं, असं वरवर वाटतं, पण त्या गाण्यात ती सक्ती राहत नाही, ती दोघींची स्वतःची निवड होते. तो 'मी' हलवू नका.

आणि उलट एक गोष्ट मराठीला जमते जी इंग्रजीला जमत नाही. इंग्रजीत एकच 'वी'. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण'. तंबूच्या मालकाशी, पत्रकारांशी, कोर्टाशी बोलताना त्या 'आम्ही' म्हणतील. १९३१ मध्ये सॅन अँटोनियोच्या कोर्टात ज्या मायर्स दांपत्याच्या ताब्यात होत्या त्यांच्याविरुद्ध लढून सुटल्या, तिथं 'आम्हाला मोकळं करा'. आणि रात्री एकमेकींशी बोलताना 'आपण काय करायचं गं?'. कुणी कधी पूर्ण अनुवाद केला तर या एका फरकावर प्रवेशच्या प्रवेश उभे राहतील, मी तर म्हणेन इंग्रजीपेक्षा चांगले.

प्रतिसाद:
वरच्या चर्चेत साइड शो राहूनच गेला. सर्कशीच्या मोठ्या तंबूशेजारी वेगळं तिकीट लावून असायचा तो छोटा तंबू. जत्रेत वाढलेल्या माणसाला 'कनातीतला खेळ' म्हटलं की बरोबर कळेल, पडद्याआड काय आहे ते पैसे दिल्यावरच दिसणार. 'खेळ' शब्द आपल्याकडे दशावतारालाही चालतो, बाहुल्यांनाही, सिनेमालाही, त्यामुळे हलका वाटत नाही. नाटकाचं नाव मात्र 'साइड शो'च ठेवा. फ्रीकला 'तमाशा'च्या वाटेनं काही सुचवू नका, 'लोकांनी तमाशा केला' हे बोलण्यात असलं तरी तमाशा ही कला आहे. तंबूवाल्याच्या तोंडी 'या, बघा, आक्रीत बघा' हे बसेल. आक्रीतमध्ये भीतीपण आहे आणि बघायचा मोहपण.

प्रतिसाद:
आक्रीत छान आहे पण ते घडतं, माणसाला कुणी आक्रीत म्हणत नाही ना? 'काय आक्रीत झालं बाई' असंच ऐकलंय.

प्रतिसाद:
म्हणूनच बसतं. माणसाला घटना करून टाकणं, तंबूवाला दुसरं काय करतोय?

अवांतर, पण टिपणात घालाच: १९९७ च्या प्रयोगात दोघी अभिनेत्रींना एकत्र बांधणारं काहीही वापरलं नव्हतं. दोघी नितंबाला नितंब टेकवून उभ्या राहायच्या, चालायच्या, नाचायच्या, फक्त अंगाच्या तोलावर. एकीनं वजन कुठल्या पायावर टाकलं ते दुसरीला न बघता कळायला हवं. एवढं सगळं करून मूळ नाटक ९१ प्रयोगांत बंद झालं, २०१४ ला बिल काँडननं नव्यानं बसवलं तेही ५६ प्रयोग. तरी कलाकारांमध्ये त्यातली गाणी अजून गायली जातात. आणि म्युझिकलला 'संगीत नाटक' लिहिणार असाल तर एक ओळ खुलासा करा, नाहीतर सौभद्राच्या सवयीनं लोक नांदी आणि वन्समोअर धरून बसतील. इथं बरेच संवादच गाण्यात आहेत.

प्रश्नकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे. हे ठरवलं: 'जोडलेल्या जुळ्या बहिणी', सगळीकडे 'त्या दोघी', मृत्यूची दोन वाक्यं, आणि शेवटच्या वर्षांत शार्लटमधल्या किराणा दुकानात त्या दोघी भाजी वजन करून द्यायच्या तेही घालते. आक्रीत कंसात न घालता थेट वापरतेय. विदर्भ-मराठवाड्यात जत्रेतल्या अशा तंबूला वेगळा शब्द आहे का? कुणाच्या घरी जुनी माणसं असतील तर विचारून सांगा, गुरुवारी छापायला देतेय.