शब्दचर्चा : कार्ड ‘घासणे’, कार्ड ‘ओढणे’ आणि स्थितिदर्शक दिवा

प्रश्न असा आला आहे, की ग्रंथालयाच्या टेबलावरील चुंबकीय पट्टीच्या कार्ड रीडरजवळ मराठी सूचना लावायची असेल, तर ‘स्वाइप’साठी कोणते क्रियापद वापरावे आणि रीडरवरील लहान दिव्याचे वर्णन कसे करावे.

बोलताना आपण सर्रास ‘कार्ड घासा’ म्हणतो आणि काउंटरवर ते चालूनही जाते, कारण समोरचा माणूस हाताने दाखवतो. लेखी सूचनेत मात्र हे क्रियापद टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘घासणे’ म्हटले की दाब देणे आणि तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणे हे दोन्ही अर्थ सोबत येतात. भांडी घासतात, दात घासतात. रीडरला यांपैकी काहीच नको असते. त्याच्या खाचेतील हेड, म्हणजे वाचणारा भाग, पट्टीवरील चुंबकत्वाचा बदल टिपते, आणि हा बदल पट्टी हेडसमोरून पुढे सरकत असतानाच जाणवतो. म्हणून मध्येच थांबलेले कार्ड वाचले जात नाही आणि पुढेमागे घासलेलेही नाही. पट्टीवरील नोंदीतच वेळेच्या खुणा गुंफलेल्या असल्यामुळे हात जरा सावकाश किंवा जरा भरभर चालला तरी बिघडत नाही. वेग मध्येच एकदम बदलला, तर वाचन फसते. आरंभापासून अखेरपर्यंत सलग जाणारी ही हालचाल ‘ओढणे’ या शब्दात नेमकी येते. ‘कार्ड एका दमात ओढावे’ एवढे लिहिले, की वेगाबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

‘सरकवणे’ही चुकीचे नाही, परंतु ते चिपच्या कार्डासाठी राखून ठेवावे, कारण ते कार्ड यंत्रात आत सरकवून तसेच राहू द्यायचे असते. स्पर्शविरहित कार्ड ‘टेकवावे’. रिझर्व्ह बँकेने जुनी पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती. तरीही तिन्ही क्रियांना आपण ‘स्वाइप’च म्हणत राहिलो आहोत, आणि त्यामुळेच लेखी सूचनेत फरक करणे अधिक गरजेचे झाले आहे.

आता दिव्याविषयी. ‘स्थितिदर्शक’ हा शब्द योग्य आहे. सुटा ‘स्थिती’ दीर्घ असला तरी समासात ‘ति’ ऱ्हस्व लिहावा. खरी अडचण क्रियापदांची आहे. संगणकाला जोडायच्या अनेक रीडरांमध्ये यंत्र तयार असताना हिरवा दिवा स्थिर असतो, कार्ड ओढले जात असताना तो विझतो, वाचन जमल्यास पुन्हा हिरवा लागतो आणि फसल्यास थोडा वेळ लाल होतो. मधल्या टप्प्याबद्दल ‘दिवा बंद पडतो’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला यंत्र बिघडल्याचे वाटेल. तेथे ‘विझतो’ किंवा ‘बंद होतो’ हेच हवे. ‘चमकतो’ हा शब्दही टाळावा, कारण त्यातून दिवा स्थिर आहे की उघडझाप करतो आहे, हे कळत नाही. उघडझापीसाठी ‘लुकलुकणे’ हा स्वच्छ शब्द आपल्याकडे आहे. रंगांची योजना उत्पादकानुसार बदलते, म्हणून सूचना लिहिण्यापूर्वी त्या यंत्राची पुस्तिका पाहावी.

याहून महत्त्वाचे म्हणजे ‘हिरवा दिवा लागल्यास कार्ड स्वीकारले गेले’ असे लिहू नये. पट्टीवरील नोंदीच्या आरंभाची खूण, अखेरची खूण आणि पडताळणीचे चिन्ह जुळले, एवढेच रीडर सांगतो. सभासदत्वाची मुदत संपली आहे का, हे संगणकावरील नोंदींवरून ठरते. त्याचप्रमाणे लाल दिव्याचा अर्थ ‘कार्ड नाकारले’ असा नसून ‘वाचता आले नाही’ असा आहे. ‘नाकारले’ हा शब्द पाहून सभासद ओशाळून मागे फिरतो. ‘वाचता आले नाही’ म्हटले, की तो कार्ड पुन्हा ओढतो.

माझ्या मते मजकूर असा असावा : ‘दिवा स्थिर हिरवा असताना, पट्टी हेडच्या बाजूला ठेवून कार्ड खाचेतून एका दमात ओढावे. दिवा लाल झाल्यास तो पुन्हा हिरवा होऊ द्यावा आणि मग कार्ड पुन्हा ओढावे.’

दाराच्या कुलुपाला जोडलेल्या रीडरासाठी मात्र हाच मजकूर उचलू नये. तेथे दिवा बहुधा कुलपाच्या नियंत्रकाच्या हुकमाने लागतो. अशा ठिकाणी हिरव्याचा अर्थ ‘प्रवेश आहे’ आणि लालचा अर्थ ‘प्रवेश नाही’ असाच लिहावा.