लातूरचं घर विकायचंय: आधी ओल काढू की रंग देऊ?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९५ साली बाबांनी लातूरला बांधलेलं घर विकायला काढलंय. तीन गिऱ्हाइकं बघून गेली, बोलणी पुढं सरकली नाहीत.

मागच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेत. एजंट म्हणतो, पुट्टी मारून रंग द्या, दिसणार नाही. मला ते अजिबात पटत नाही. पहिल्याच पावसात घेणाऱ्याला त्रास होणार. गच्चीची गळती काढून, भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा असं माझं मत. आपल्याकडच्या उन्हात गच्चीला कोणतं वॉटरप्रूफिंग टिकतं? कुणी करून घेतलंय का?

पाण्याचं तर प्रत्येक जण विचारतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपलं गाव! म्हणून हौद धुऊन घेतलाय, बोअर समोर चालू करून दाखवते.

अडलंय ते सामानापाशी. घर रिकामं दाखवावं की पलंग, टेबल राहू द्यावं? रिकाम्या खोल्या मला तरी लहान वाटतात. आईचा देव्हारा मात्र गिऱ्हाइकासाठी हलवायला मन होत नाही. तुम्ही काय केलं होतं?